अधिवेशनाचा मांडव आणि शेजारची वस्ती

प्रश्न : 2024 साली आम्ही दोघं सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला गेलो होतो. तिथलं कन्व्हेन्शन सेंटर पाहून डोळे दिपले. पुढे काही दिवस मुलीकडे लॉस एंजेलिसला राहिलो. ती पिको-युनियन भागात भाड्यानं राहते. तिथून जवळच त्या शहराचं कन्व्हेन्शन सेंटर आहे आणि ते आता आणखी मोठं होतंय. खर्च 260 कोटी डॉलर! मुलगी म्हणते, शहराकडे फूटपाथ दुरुस्त करायला पैसे नाहीत. मग एवढा पैसा येतो कुठून? अशी सेंटरं स्वतःचा खर्च भागवत नाहीत असं ऐकतो, तरी प्रत्येक शहर ती वाढवतच का जातं? आणि शेजारच्या वस्तीला त्यातून काय मिळतं? मुलीला तिथल्या नेबरहूड कौन्सिलच्या, म्हणजे वस्ती समितीच्या, सभेला जायचं आहे. तिनं तिथे काय विचारावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे प्रश्न लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेतही विचारले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये परिषदेनं हा विस्तार 11 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महापौर कॅरेन बास यांनी अर्थसंकल्प मांडला, तेव्हा जवळपास 100 कोटी डॉलरची तूट भरून काढायची होती आणि सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांना कमी करण्याचा प्रस्ताव समोर होता. पुढे तो आकडा खाली आला, पण शहराची ओढाताण लपून राहिली नाही. विरोधात मत देणाऱ्या दोघी सदस्य, केटी यारोस्लाव्स्की आणि नित्या रामन, यांची हरकत हीच होती की शहराला हा खर्च झेपणारा नाही.

260 कोटी डॉलर म्हणजे आपले साधारण बावीस-तेवीस हजार कोटी रुपये. दिल्लीत प्रगती मैदानावर 2023 साली भारत मंडपमचं संकुल उभं राहिलं, त्याचा खर्च सुमारे 2,700 कोटी रुपये होता. दोन्ही देशांतले मजुरीचे आणि मालाचे दर वेगळे आहेत हे मान्य करूनही, पिको बुलेव्हार्डवर किती मोठा पैसा ओतला जातोय याचा अंदाज यावरून येईल.

आता एकेक प्रश्न घेऊ.

एवढी जागा लागते कशाला?

कन्व्हेन्शन सेंटर म्हणजे भलंमोठं सभागृह, असं आपल्याला वाटतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात आपण तिथे नाटकं पाहतो, गाणी ऐकतो, पंगतीला बसतो, म्हणून तसं वाटणं साहजिकच. पण या इमारतींचा मुख्य धंदा व्यापारी प्रदर्शनांचा असतो. औषधं, वाहनं, संगणक, बांधकामाचं साहित्य, सौंदर्यप्रसाधनं अशा प्रत्येक क्षेत्राचा वर्षाचा एक मोठा मेळा असतो आणि तो शहरोशहरी फिरतो.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी अशा हॉलमध्ये गेलात तर झगमगाट कुठेच दिसणार नाही. उघडी काँक्रीटची जमीन आणि तिच्यावर आखलेले स्टॉलचे चौकोन असतात. ठरावीक अंतरावर जमिनीत बसवलेली झाकणं असतात. झाकण उचललं की आत वीज, पाणी, दाबाची हवा आणि इंटरनेट यांच्या जोडण्या मिळतात. मागच्या बाजूला ट्रक उलटे येऊन धक्क्याला लागतात, फोर्कलिफ्टवाले लाकडी खोकी उतरवत राहतात, सुतार आणि वायरमन रात्रभर राबतात. गालिचा अगदी शेवटी अंथरला जातो. तीन-चार दिवस मेळा चालतो आणि मग हेच सगळं उलट्या क्रमानं होतं, कारण पुढची पार्टी दारात उभी असते.

या कामासाठी आयोजकाला सलग जागा लागते. एकाच मजल्यावर, मध्ये भिंत नाही, खांब कमीत कमी. लॉस एंजेलिसची अडचण नेमकी इथे आहे. सेंटरची पहिली इमारत 1971 सालची. 1993 साली सुमारे 50 कोटी डॉलर खर्चून दक्षिणेचा मोठा हॉल वाढवला गेला, पण तो आणि पश्चिमेचा हॉल यांच्यामधून पिको बुलेव्हार्ड जातो. मोठं प्रदर्शन दोन तुकड्यांत मांडावं लागतं आणि बरेच आयोजक त्यापेक्षा दुसरं शहर निवडतात. नव्या योजनेत रस्त्यावरून बांधकाम करून दोन्ही हॉल जोडायचे आहेत आणि प्रदर्शनाची जागा सुमारे 1 लाख 90 हजार चौरस फुटांनी वाढवायची आहे. 2028 च्या ऑलिंपिकमधल्या तलवारबाजी, ज्यूदो, कुस्ती अशा स्पर्धा इथे व्हायच्या आहेत. त्या काळात काम थांबवायचं आणि उरलेलं 2029 मध्ये पुरं करायचं, असं वेळापत्रक आहे.

दुसरं कारण शेजारच्या शहरांचं. डिस्नेलँडला लागून असलेल्या अनाहाइमच्या सेंटरनं 2017 साली दोन लाख चौरस फुटांची भर घातली. लास वेगासनं 2021 साली सुमारे 100 कोटी डॉलरचा नवा हॉल उघडला, आणि त्या गावात हॉटेलच्या दीड लाख खोल्या आहेत. सॅन दिएगो गेली कित्येक वर्षं विस्ताराच्या प्रयत्नात आहे. ही तिन्ही गावं लॉस एंजेलिसपासून मोटारीनं एका दिवसाच्या आत. एकानं हॉल वाढवला की दुसऱ्याला आपला हॉल अपुरा वाटू लागतो. दुसऱ्यानं वाढवला की पहिल्याला पुन्हा काम काढावं लागतं. टेक्सासमधल्या ऑस्टिननं तर 1992 सालची इमारत 2025 मध्ये पाडायलाच घेतली. तिथे 160 कोटी डॉलर खर्चून 2029 पर्यंत नवी उभी करायची आहे. या स्पर्धेला कुठे थांबायचं हे कोणतंही एकटं शहर ठरवू शकत नाही. म्हणूनच तिथले नगरसेवक पक्ष विसरून “आपण मागे पडतोय” या एका वाक्यावर एकत्र येतात.

पैसा येतो कुठून?

बांधकामासाठी शहर कर्जरोखे काढतं आणि ते पुढची तीसेक वर्षं फेडतं. हॉलच्या भाड्यातून फार तर रोजचा खर्च निघतो, कर्ज त्यातून फिटत नाही. बऱ्याचदा भाडंही पूर्ण घेतलं जात नाही. आयोजक विचारतो, मी तुमच्या हॉटेलांत इतक्या हजार ‘रूम नाइट्स’ भरून देतो, हॉल किती स्वस्तात देता? शहर भाड्यावर पाणी सोडतं, कारण त्याचा हिशेब वेगळा असतो: पाहुणे हॉटेलात राहतील, जेवतील, टॅक्सीनं फिरतील, आणि त्या सगळ्यावरचा कर शहराला मिळेल.

हा हिशेब खोटा नाही. परगावचा माणूस चार दिवस राहून खर्च करतो, हॉटेलातल्या सफाई कामगाराच्या पाळ्या वाढतात, बांधकामाच्या मजुरांना काही वर्षं हक्काचं काम मिळतं. कोविडनंतर तिथल्या डाउनटाउनमधली ऑफिसं रिकामी पडली, त्यामुळे दुकानदार आणि कामगार संघटना दोघांनीही हा प्रकल्प मनापासून उचलून धरला. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही.

प्रश्न उरतो तो जमा आणि खर्च यांच्यातल्या फरकाचा. लॉस एंजेलिसच्या मंजुरीच्या वेळी जो हिशेब परिषदेसमोर होता, त्यात वाढीव कर, पार्किंगचं उत्पन्न, विजेच्या जाहिरात फलकांचं उत्पन्न, सगळं धरून झाल्यावरही तीस वर्षं दरवर्षी सरासरी 8.9 कोटी डॉलर शहराच्या सर्वसाधारण निधीतून भरावे लागतील, असा अंदाज होता. ज्या तिजोरीतून ग्रंथालयं, बागा, अग्निशमन दल आणि तुमच्या मुलीच्या गल्लीतला फूटपाथ चालतो, तीच ही तिजोरी.

समर्थक म्हणतात, हॉटेलचा कर पाहुणे भरतात, नागरिकांच्या खिशाला हात लागत नाही. लॉस एंजेलिसमध्ये 2025 साली हॉटेलच्या खोलीवर 14 टक्के कर होता आणि त्याचा बहुतांश भाग सर्वसाधारण निधीत जमा होतो. तिथून एक डॉलर सेंटरच्या हप्त्याला गेला की दुसऱ्या कामाचा एक डॉलर कमी होतो. पाहुण्यानं भरला म्हणून तो पैसा फुकटचा ठरत नाही. तो शहराचाच आहे.

काही ठिकाणी हा कर कायद्यानं वेगळा ठेवलेला असतो. सिअ‍ॅटलचं सेंटर खोलीकरावर चालतं. तिथे ‘समिट’ नावाची दुसरी इमारत सुमारे 200 कोटी डॉलर खर्चून जानेवारी 2023 मध्ये उघडली. तिचं बांधकाम रंगात आलं असताना 2020 साली कोविड आला, हॉटेलं ओस पडली आणि कर आटला. सुमारे 30 कोटी डॉलर कमी पडले. अर्धवट सांगाडा तसाच सोडणं कुणालाच परवडलं नसतं, म्हणून तिथल्या किंग काउंटीच्या प्रशासनानं 10 कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं. वेगळा काढून ठेवलेला कर आटला, तेव्हा सार्वजनिक तिजोरीलाच पुढे व्हावं लागलं. विस्तार मंजूर करताना हा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा: अंदाज चुकला तर फरक कोण भरणार?

अंदाज चुकतात का?

चुकतात, आणि एकाच दिशेनं चुकतात. टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनिओ शाखेतले प्राध्यापक हेवूड सँडर्स यांनी अनेक वर्षं या एकाच विषयाचा पाठपुरावा केला. 2005 साली ब्रुकिंग्ज संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी दाखवलं की त्याआधीच्या दशकभरात अमेरिकेत या केंद्रांवरचा सार्वजनिक भांडवली खर्च दुप्पट होऊन वर्षाला 240 कोटी डॉलरवर गेला होता आणि 1990 पासून प्रदर्शनाची जागा निम्म्याहून जास्त वाढली होती. उलट मोठ्या प्रदर्शनांची गर्दी मात्र 1993 च्या आसपासच घुटमळत होती. जागा वाढली, पाहुणे तेवढेच राहिले, आणि रिकामे हॉल भरण्यासाठी शहरं एकमेकांपेक्षा जास्त सवलत देऊ लागली. 2014 साली त्यांनी याच विषयावर शिकागो, अटलांटा आणि सेंट लुईस या शहरांची कागदपत्रं खणून एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. शहरं ज्या सल्लागारांकडून अहवाल मागवतात, त्यांनी वर्तवलेली गर्दी आणि प्रत्यक्ष आलेली गर्दी यांत किती अंतर पडतं, हे त्यांनी शहरागणिक दाखवून दिलं.

एखादं राज्य वेळीच थांबतंही. बॉस्टनचं सेंटर 2004 साली उघडलं आणि दहा वर्षांत त्याच्या 100 कोटी डॉलरच्या विस्ताराचा कायदा झाला. 2015 साली नवे गव्हर्नर चार्ली बेकर आले आणि त्यांनी राज्याच्या तिजोरीकडे बघून काम रोखलं. मंजूर झालेलं काम थांबवल्यानं बॉस्टन बुडालं नाही, आणि सेंटरभोवतीचा बंदराकडचा भाग पुढेही वाढतच राहिला.

वस्तीला काय मिळतं?

आपल्याकडे दारात मांडव घालायचा तर आधी शेजाऱ्याच्या कानावर घालतात, कारण त्याची ये-जा अडणार, रात्री आवाज होणार. हा मांडव तर कायमचा आहे, म्हणून शेजाऱ्याशी बोलणंही तेवढंच पक्कं आणि लेखी हवं.

प्रदर्शनाची इमारत शेजारी म्हणून अवघड असते. शे-दोनशे मीटर लांब भिंत, तिच्यात खिडकी नाही, दुकान नाही, दार नाही. मेळा असला की गर्दी आणि ट्रकच्या रांगा, नसला की शुकशुकाट. जुन्या वस्तीतून बसस्टॉपला किंवा बाजाराला जाणारी वाट या भिंतीला वळसा घालून जाते. जमिनीचे भाव वाढतात. ज्याचं घर आहे त्याला ते बरं वाटतं, ज्याच्या हातात भाडेकरार आहे त्याला नोटीस येते. पिको-युनियनमध्ये मध्य अमेरिकेतून आलेली, मुख्यतः भाड्यानं राहणारी कुटुंबं आहेत.

या परिसरानं याआधीही एक मोठं बांधकाम सोसलं आहे. 1999 साली कन्व्हेन्शन सेंटरचा एक जुना हॉल पाडून शेजारी स्टेपल्स सेंटर हे बंदिस्त स्टेडियम उघडलं. त्यासाठी काही कुटुंबांना घरं सोडावी लागली. सामन्यांच्या रात्री बाहेरच्या गाड्या आसपासच्या गल्ल्यांत शिरू लागल्या. रात्रपाळी करून परतणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारासमोर गाडी लावायला जागा उरली नाही. बातम्यांत न येणारा, पण आठवड्यातून तीन-चार रात्री भोगावा लागणारा हा त्रास होता.

मग त्याच जागेशेजारी हॉटेलं, नाट्यगृहं आणि दुकानं असा मोठा प्रकल्प आला, आज त्याला ‘एल.ए. लाइव्ह’ म्हणतात. या वेळी वस्ती गप्प बसली नाही. तीसेक संघटना फिगेरोआ कॉरिडॉर आघाडी म्हणून एकत्र आल्या. त्यांच्यात भाडेकरूंच्या समित्या, चर्च, कामगार संघटना, स्थलांतरितांचे गट सगळे होते. विकासकाला शहराकडून परवानग्या आणि आर्थिक मदत हवी होती, आणि 2001 च्या उन्हाळ्यात नवा महापौर आणि नवे सदस्य येण्याआधी ती पदरात पाडून घ्यायची घाई होती. आघाडीनं ही वेळ ओळखली. मे 2001 मध्ये विकासकानं तिच्याशी लेखी करार केला. घरांपैकी 20 टक्के घरं कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडणारी, 70 टक्के नोकऱ्यांत जगण्यापुरतं तरी वेतन हे उद्दिष्ट, भरतीत स्थानिकांना आधी संधी, बागांसाठी 10 लाख डॉलर. त्यातच एक छोटं कलम गाडी लावण्याचं होतं: रहिवाशांना परवाने देऊन गल्ल्या त्यांच्यासाठी राखण्याकरता पाच वर्षं दरवर्षी 25 हजार डॉलर. रात्रपाळीच्या माणसाचं गाऱ्हाणं कराराच्या कागदावर कलम होऊन उतरलं. अमेरिकेतल्या अशा ‘कम्युनिटी बेनिफिट्स’ करारांमध्ये हा अगदी सुरुवातीचा आणि आजही सर्वांत जास्त चर्चिला जाणारा करार.

सिअ‍ॅटलमध्ये हेच वेगळ्या वाटेनं घडलं. ‘समिट’ इमारतीसाठी सेंटरला शहराच्या गल्ल्यांची आणि रस्त्यांखालची जागा हवी होती. सार्वजनिक रस्ता कायमचा सोडायचा तर त्या बदल्यात लोकांना ठोस लाभ द्यावा लागतो, असा तिथला नियम आहे. परिसरातल्या संघटनांनी आघाडी करून याच जागी बोट ठेवलं. 2018 साली परिषदेनं जागा दिली, पण परवडणाऱ्या घरांसाठी निधी, शेजारच्या फ्रीवे पार्कसाठी 1 कोटी डॉलर, सुरक्षित सायकलमार्ग, आणि शहराला दुभंगणाऱ्या महामार्गावर छत घालता येईल का याच्या अभ्यासासाठी 15 लाख डॉलर, एवढं पदरात पडल्यावरच. इमारतीचा आराखडाही शेजारधर्म पाळणारा झाला. हॉल एकावर एक रचले, काचेच्या भिंती ठेवल्या आणि रस्त्याकडेला दुकानं काढली.

तरी किंमत मोजावी लागलीच. ती जागा बसगाड्यांच्या स्थानकाची होती. ती विकली गेल्यामुळे मार्च 2019 मध्ये डाउनटाउनच्या बोगद्यातून धावणाऱ्या बस वर, आधीच तुंबलेल्या रस्त्यांवर आल्या. रोज बसनं जाणाऱ्या कारकुनाची वाढलेली मिनिटं कुठल्याही ताळेबंदात दिसत नाहीत. विस्ताराच्या हिशेबात हॉटेलाला रकाना असतो, शहराला रकाना असतो, वस्तीला मात्र नसतो. तो वस्तीलाच भांडून घालून घ्यावा लागतो.

लोकांना विचारलं तर?

विचारतात, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीनं. सॅन दिएगोनं 2012 साली विस्तारासाठी खास हॉटेल कर लावला तेव्हा मतदान फक्त हॉटेलवाल्यांचं घेतलं. 2014 मध्ये अपील न्यायालयानं तो कर रद्द केला, कारण मतदार नागरिक असतात, हॉटेलमालक नाहीत. मार्च 2020 मध्ये शहरानं खरं मतदान घेतलं. त्या प्रस्तावात सेंटरबरोबर बेघरांसाठीचा आणि रस्त्यांसाठीचा निधीही होता, आणि कराची वाढ सेंटरच्या जवळच्या हॉटेलांवर जास्त, लांबच्यांवर कमी होती. ज्याला फायदा जास्त त्यानं भार जास्त उचलावा, हे तत्त्व मला पटतं. प्रस्तावाला 65.24 टक्के मतं मिळाली. दोन तृतीयांश लागतात की साधं बहुमत पुरतं यावर पाच वर्षं कोर्टकचेरी चालली आणि अखेर मे 2025 पासून कर लागू झाला. ऑस्टिनमध्ये विस्तारासाठी मतदारांची संमती सक्तीची करावी, हा प्रस्ताव 2019 साली मतदारांनीच फेटाळला. 2025 मध्ये पुन्हा सह्यांची मोहीम झाली, पण ग्राह्य सह्या कमी पडल्या.

आपल्याकडे अशा कामाला ना मतदान असतं, ना भरपाईचा करार. दिल्लीत भारत मंडपमच्या संकुलासाठी राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी 1972 साली उभारलेलं ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल 2017 मध्ये रातोरात पाडलं गेलं. वास्तू साठ वर्षांची नाही म्हणून वारसा ठरत नाही, एवढंच उत्तर वास्तुप्रेमींना मिळालं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं मोठं कन्व्हेन्शन सेंटर खासगी उद्योगानं स्वतःच्या भांडवलावर उभारलं, त्यामुळे तिथे कर्जाचा बोजा महापालिकेवर आला नाही. पण उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेनं कर्ज काढून असं सेंटर बांधायचं म्हटलं, तर लॉस एंजेलिस आणि सिअ‍ॅटल या दोन्हींचे कागद आपल्या नगरसेवकांच्या टेबलावर असायला हवेत.

मग मुलीनं सभेत काय विचारावं?

मंजुरी झाली आहे, म्हणजे सर्वांत मोठी संधी हातची गेली. पण बांधकाम काही वर्षं चालणार आहे आणि त्या काळात परवाने, वेळा आणि नियम पुन्हा पुन्हा ठरत राहणार आहेत. सभेत बोलायला जेमतेम मिनिट-दोन मिनिटं मिळतात, तेव्हा भाषण नको, नेमके प्रश्न हवेत:

1. रात्री किती वाजेपर्यंत काम चालणार, ट्रक कोणत्या रस्त्यांनी येणार, आणि नियम मोडल्यास तक्रार कुणाकडे करायची?

2. विस्तारासोबत येणारे विजेचे जाहिरात फलक कुठल्या घरांच्या खिडक्यांसमोर येतात आणि रात्री ते किती वाजता बंद होणार? उत्पन्नाच्या हिशेबात ते धरले आहेत, म्हणजे त्यांच्यावरची मर्यादा आत्ताच लेखी हवी.

3. कामावर घेतलेल्या माणसांपैकी पिको-युनियन आणि आसपासच्या पिनकोडमधले किती, याची यादी दर तिमाहीला जाहीर होणार का?

4. खर्च 260 कोटींच्या वर गेला किंवा ऑलिंपिकआधी ठरलेलं काम उरकलं नाही, तर जादा पैसा कोणत्या खात्यातून येणार?

5. पिको बुलेव्हार्डवर छत येणार, त्याखालून पायी जाणाऱ्यांसाठी दिवे, रुंद फूटपाथ आणि बसथांबे आराखड्यात कुठे आहेत? नकाशा दाखवा.

आणखी एक काम सभेच्या बाहेरचं. लॉस एंजेलिसमध्ये साधारणपणे ऑक्टोबर 1978 च्या आधी बांधलेल्या भाड्याच्या इमारतींना भाडे नियंत्रण लागू असतं. मुलीच्या इमारतीचं वर्ष शहराच्या गृहनिर्माण विभागाकडून तपासून घ्या. संरक्षण असेल तर मनमानी वाढ मान्य करायची नाही आणि घर सोडण्यासाठी रोख पैसे देऊ केले तर सल्ला घेतल्याशिवाय सही करायची नाही. मोठ्या बांधकामाच्या शेजारी अशा ऑफर नेहमी येतात आणि घाबरलेला भाडेकरू हक्काच्या निम्म्या रकमेवर समाधान मानतो.

कन्व्हेन्शन सेंटर बांधूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. आपल्याच माणसांनी परदेशात हजारोंनी एकत्र जमायचं तर अशी इमारत लागतेच, आणि तिथे भेटलेल्या मैत्रिणी, जमलेली लग्नं, ऐकलेली नाटकं यांचं मोल मोठं आहे. पण त्या आनंदासाठी जागा देणाऱ्या शहरानं हप्त्याचा बोजा फूटपाथ आणि ग्रंथालयांवर टाकू नये, आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाला मंजुरीच्या आधी बोलावून त्याचं म्हणणं करारात उतरवावं. 2001 मध्ये फिगेरोआच्या लोकांनी ते करून दाखवलं, कारण ते तीस संघटना मिळून गेले होते. तुमच्या मुलीला सांगा, सभेला एकटीनं जाऊ नकोस. इमारतीतल्या चार भाडेकरूंना बरोबर घे, प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून दे आणि मिळालेलं प्रत्येक उत्तर इतिवृत्तात नोंदवून घे.